पसंतीला आणलेले चार टायर

टायर ही पसंत करून घ्यायची वस्तू असते, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. तो काळा असतो, गोल असतो आणि पंक्चर झाला की त्याची आठवण येते, एवढाच आमचा संबंध. पण एप्रिल संपता संपता एका दुपारी मोबाईलवर एक गोरा माणूस भेटला. तो उन्हाळी टायरांची तुलना करत होता. उन्हाळी पापड, उन्हाळी सांडगे इथवर मी ऐकून होतो. उन्हाळी टायर ही बातमी नवीन होती. त्यांच्याकडं म्हणे बर्फाचे टायर वेगळे आणि उन्हाचे वेगळे. आपल्याकडं बर्फाचा प्रश्नच नाही, म्हणजे मी जन्मभर उन्हाळी टायरांवरच फिरत आलो होतो आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं! तो माणूस ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबत होता, शंकूंच्या रांगेतून गाडी सापासारखी काढत होता, आणि शेवटी ग्रिप, हँडलिंग, कम्फर्ट अशा तीन विषयांत प्रत्येक टायरला गुण देत होता. मी तो व्हिडिओ जेवताना बघितला, हात धुताना बघितला आणि पुन्हा पहिल्यापासून बघितला.

"आमटी गार झाली," रूपाली म्हणाली. पंधरा मिनिटांच्या त्या थरारावर आमच्या सौभाग्यवतींचा हा एकमेव अभिप्राय.

आता हा सगळा उद्योग मी हौसेखातर केला असं कुणाला वाटेल, म्हणून सांगतो. माझा धाकटा भाऊ साईराज याला बऱ्याच नवससायासांनंतर मुलगी झाली होती. बारसं निपाणीला, त्याच्या बायकोच्या, स्वरूपाच्या माहेरी. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या एकच, आमची मालुबाई आक्का. आई गेल्यावर आम्हा दोघा भावांना तिनंच वाढवलं, तेव्हा तिच्याशिवाय बारसं ही कल्पनाच कुणाला सहन होणारी नव्हती. पण शिमग्याच्या सुमाराला आक्काच्या कंबरेचा मणका सरकला होता. बेळगावच्या कॅम्पातले डॉक्टर तिला म्हणाले, "जायचं तर जावा, पण पाठीला हिसका बसता कामा नये. बसला तर ऑपरेशन." आक्का ऑपरेशनला घाबरत नाही, ती घाबरते ती बारसं चुकायला. रात्रंदिवस तिचं एकच, "बसू, मला नेतोस न्हवं रं?"

आणि बेळगाव ते निपाणी हा रस्ता! महामार्ग रुंद करण्याचं काम चाललेलं, जागोजागी वळसे आणि खडी. माझ्या गाडीचे टायर पार गुळगुळीत झालेले. मी साईराजला फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं, "तू काळजी करू नको, आक्काला फुलासारखी आणतो." रूपालीनं भाड्यानं मोठी गाडी सांगूया असं सुचवलं. माणसाच्या स्वतःच्या दारात गाडी असताना बहिणीला भाड्याच्या गाडीतून न्यायचं, याचा अर्थ रूपालीला कळत नव्हता असं नाही, तिनं मुद्दामच विचारलं होतं.

आमच्या गल्लीत सल्ला मागावा लागत नाही. माझ्या गाडीजवळ मी उकिडवा बसलोय हे बघून यल्लाप्पा मामा आले. ते फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेत, आणि आमच्या वडगावातून खासबागपर्यंत कुणाचीही गाडी बंद पडली तर आधी त्यांना कळतं.

"काय गा बसवंता, टायर बघालास?"

"व्हय मामा. ग्रिप, हँडलिंग आणि कम्फर्ट बघून घ्यायचं म्हणतोय."

"आमी लेहला बर्फातनं ट्रक घातलाव. तवा कोण इचारलं न्हाय टायर कुठल्या कंपनीचं हाय म्हणून. टायर म्हंजे हवा. हवा तेवढी बरोबर पायजे बघ."

मग पलीकडचे एकजण येऊन जपानी घ्या म्हणाले, दुसरे देशीच घ्या म्हणाले, तिसऱ्यांच्या मेव्हण्याचे जर्मन टायर होते आणि मेव्हणा त्यावर फार सुखी होता. साईराजचा निपाणीहून फोन आला की त्याच्या सासऱ्यांच्या मते टायर कुठलाही चालेल, पण शनिवारी घेऊ नये. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात हसलो. ऐकीव माहितीवर टायर घ्यायला मी काय कुणी ऐरागैरा होतो?

आम्ही विणकर. आता मी पतसंस्थेत नोकरी करतो आणि माग चुलतभाऊ रवळू चालवतो, पण रक्तातली रीत जात नाही. आमच्या घरात कुठलंही सूत कुणाच्या सांगण्यावरून घेतलं गेलं नाही. चार व्यापाऱ्यांचं सूत पसंतीला आणायचं, म्हणजे पटलं तर ठेवायचं, नाही तर परत. मग एकाच मागावर, एकाच ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, चारही सुतांचा एकेक वीत पट्टा शेजारीशेजारी विणायचा, आणि डोळे मिटून त्यावरून हात फिरवायचा. माग तोच, ताणा तोच, विणणारा तोच. फरक उरतो तो फक्त सुताचा. यापेक्षा शास्त्रीय तुलना जगात कुणी केली असेल तर मला दाखवावी. तो गोरा माणूस एकेका कंपनीचे चार चार टायर घालून दिवसभर बदलत बसला होता. त्याला माग ठाऊक नव्हता. एका गाडीला चार चाकं असतात, आणि मला चार टायरांची तुलना करायची होती. हा हिशोब सुचला तेव्हा मी अंथरुणातून ताडकन उठून बसलो.

गुंडूचं टायरचं दुकान आहे आणि तो माझा वर्गमित्र आहे. मी त्याला चार कंपन्यांचे चार टायर पसंतीला दे म्हटल्यावर तो हातातला चहा खाली ठेवून म्हणाला, "येडा हाईस काय रं? टायर पसंतीला देत्यात व्हय? ही काय साडी हाय?"

"तुझा बाप शहापुरात सुताचा व्यापारी. माझ्या बापाला त्यो सूत पसंतीला दिलता का न्हाय?"

पसंतीला माल मागितला आणि व्यापाऱ्यानं नाही म्हटलं, तर त्याला आपल्या मालाचीच खात्री नाही असा अर्थ होतो. हा अपमान गुंडूचे वडील सहन करू शकले नसते आणि वडिलांचा फोटो तर समोरच टांगलेला होता. त्यानं फोटोला हात जोडले. मग म्हणाला, "देतो. पण एक हाय. माती लागता कामा न्हाय."

पुढं उजवीकडं जपानी, पुढं डावीकडं जर्मन, मागं उजवीकडं देशी आणि मागं डावीकडं गुंडूच्या शिफारशीचा एक, असे चार टायर चढले. माझे जुने टायर त्यानं तिथल्या तिथं भंगारवाल्याला देऊन टाकले. दुकानातून बाहेर पडताना गाडी किंचित डावीकडं ओढत होती. मला वाटलं, जर्मन उत्साही आहे.

बारशाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी यळ्ळूर रस्त्याच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर परीक्षा ठेवली. परीक्षक म्हणून यल्लाप्पा मामा. पहिला विषय ग्रिप, आणि ग्रिप ओल्या रस्त्यावर बघतात. मे महिन्यात बेळगावात ओला रस्ता कुठून आणणार? मी टँकर सांगितला. इथंच माझं चुकलं, हे आता कुणीही सांगेल. पण मी शास्त्रात इतका बुडालो होतो की आमच्या भागात नळाला पाणी येऊन किती दिवस झालेत हे माझ्या ध्यानात आलं नाही. टँकर मैदानाकडं वळला आणि त्याच्या मागं घागरी, बादल्या, पिंप घेऊन अख्खी वस्ती वळली.

"दादा, ह्यो कुठल्या वार्डाचा टँकर?" गल्लीतल्या रचनावहिनींनी विचारलं.

"वहिनी, हे प्यायचं न्हाय, ओतायचं हाय."

"वतायचं? कुठं?"

"मातीवर."

वहिनींनी पदर खोचला आणि घागर थेट टँकरच्या नळीखाली लावली. पाणी मातीवर ओतायला आणलंय हे वाक्य पुन्हा उच्चारायची माझी हिंमत झाली नाही. मी स्वतः नळी धरून घागरी भरून दिल्या. मधेच एक उगवते पुढारी मोटारसायकलवरून आले, टँकरला हात लावून फोटो काढून घेतला आणि "तुमच्या सेवेसाठी" असं म्हणून गेले. सगळं आटोपल्यावर घागरी हिंदकळून जमीन जेवढी भिजली होती तेवढ्यावर मी गाडी पळवली आणि करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण जिकडं तोंड करून निघाली होती तिकडं तोंड करून थांबली नाही. मी हरखून गेलो. चारही टायर वेगवेगळं वागतात हे सिद्ध झालं होतं!

"मामा, कुठला टायर आधी धरला?"

"मी डोळं मिटलोतो," मामा म्हणाले. बर्फातून ट्रक घालणारा माणूस!

दुसरा विषय हँडलिंग. गोऱ्याकडं केशरी शंकू होते. शंकू आमच्याकडं पिढीजात. पॉवरलूमचं सूत शंकूवरच गुंडाळून येतं. रवळूच्या कारखान्याच्या मागं रिकाम्या शंकूंचं पोतं पडलेलं असतं, ते मी त्याला न विचारता उचलून आणलं होतं. मैदानात रांगेनं शंकू मांडले आणि गाडी सुरू केली. काय सांगू! डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं, बायका घागरी काखेत धरून बघतायत, मी स्टिअरिंग असं फिरवतोय की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. दोनच शंकू पडले. शेवटाला गाडी मात्र भलतीच जड चालायला लागली. उतरून बघतो तर पोतं रिकाम्या शंकूंचं नव्हतं. दर शंकूवर थोडंथोडं मोरपंखी सूत शिल्लक होतं, आणि ते मागच्या दोन्ही चाकांच्या आत इतकं घट्ट बसलं होतं की तिथं काठ निघायचा तेवढा बाकी होता.

तेवढ्यात रवळू आला. तो त्या सुताच्या शोधातच आला होता. गिऱ्हाइकाच्या एका साडीला त्याच रंगाचं सूत कमी पडत होतं.

"बसूअण्णा," तो चाकाकडं बघत शांतपणे म्हणाला, "पदर कुठल्या चाकावर काढलास?"

दुपार ब्लेडनं सूत कापण्यात गेली. टायरांना माती लागली होतीच. वर मोरपंखी तूसही चिकटलं. तिसरा विषय राहिला, कम्फर्ट. मामांना एकेका चाकाच्या वर बसवून, पुढच्या उजव्या चाकापुरतं स्टिअरिंगही त्यांच्या हाती देऊन, मी तोच एक खड्डा चार वेळा ओलांडला. प्रत्येक वेळी विचारलं, "कसं वाटतंय?" प्रत्येक वेळी ते म्हणाले, "फष्टक्लास." चाळीस वर्षांपूर्वीच्या ट्रकच्या फळीवर घडलेली पाठ ती, तिला काय कळणार, असं म्हणून मी तो निकाल रद्द केला. पण माझं मन भरून आलं होतं. जर्मन टायर जिंकलाय हे माझ्या हाताला कळलं होतं. संध्याकाळी गुंडूकडून चार जर्मन बसवायचे आणि उद्या आक्काला फुलासारखी न्यायची.

गुंडूच्या दुकानाला कुलूप होतं. फोन लावला तर मागं हलगी वाजत होती. "अरं, मी सौंदत्तीला आलोय, यल्लम्माला! उद्या सांजला येतो. पसंत पडलं न्हवं?" मी फोन ठेवला. तोवर रात्र झाली होती, दुसरं कुठलं दुकान उघडं नव्हतं, जुने टायर भंगारात गेले होते, आणि एवढ्या ऐन वेळेला भाड्याच्या गाड्या सगळ्या लग्नांत अडकल्या होत्या. घरी आल्यावर रूपालीनं घरातल्या सगळ्या उशा गोळा करून दारात आणून ठेवल्या.

रविवारी सकाळी आक्का जरीकाठाचं लुगडं नेसून, कंबरेला डॉक्टरांचा पट्टा आवळून दारात उभी होती. मी तिला खरं ते सांगितलं. चार टायर चार तऱ्हेचे आहेत, गाडी ओढते, जोरात चालवता येणार नाही, तुला भीती वाटत असेल तर साईराजला फोन करतो.

"चाक फिरतंय न्हवं?" आक्का म्हणाली.

"फिरतंय."

"मग चल की!"

पुढची सीट मागं टाकून, चारी बाजूंनी उशा लावून तिला बसवलं. मागं रूपाली, तिच्या मांडीवर बाळाचं अंगडं-टोपडं आणि घुगऱ्यांचा डबा. मी गाडी बाजूच्या रस्त्यानं इतकी हळू चालवली की आम्हाला लुनावाले मागं टाकून गेले, ट्रॅक्टर मागं टाकून गेले, आणि एक म्हशींचा कळप काही काळ आमच्या बरोबरीनं चालला. खड्डा दिसला की मी थांबायचो, त्याचा विचार करायचो आणि मग तो ओलांडायचो. आक्का डोळे मिटून तोंडातल्या तोंडात नाव घोकत होती.

संकेश्वरच्या अलीकडं पोलिसानं हात केला. त्यानं गाडीला एक फेरी मारली, मागच्या चाकातून लोंबणारा मोरपंखी धागा बोटानं उचलून बघितला, आणि मग टायर बघितले.

"एन्री इदु? नाल्कू गाली, नाल्कू कंपनी?" चार चाकं, चार कंपन्या, हे काय, असा त्याचा रास्त प्रश्न होता.

मी माझ्या पतसंस्थेच्या कन्नडमध्ये माग, ताणा, पसंती, गोरा माणूस असं सगळं समजावून सांगू लागलो. त्याचा चेहरा अधिकच गंभीर होत गेला. माझ्या डोळ्यांसमोर गाडी जप्त, आक्का रस्त्यात, आणि निपाणीत पाळण्याभोवती आत्याविना उभे असलेले पाहुणे असं चित्र उभं राहिलं. तेव्हा आक्का काचेतून त्याला अस्सल कन्नडमध्ये म्हणाली की बाबा, भाचीचं नाव ठेवायला निघालेय, तुला बहीण असेल तर सोड.

तो विरघळला. पण सोडायच्या आधी खिडकीत वाकून, आवाज खाली आणून त्यानं मला विचारलं, "यावुदु छलो ऐत्री?" कुठला चांगला निघाला? त्यालाही म्हणे पावसाळ्याआधी टायर बदलायचे होते! आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या संशोधनात कुणीतरी आपणहून रस घेतला होता. मी गाडीतून उतरून त्याला तिन्ही विषयांचे गुण सविस्तर सांगायला लागलो, तो मान डोलावत राहिला, शेवटी रूपालीनं मागून हॉर्न वाजवला. मागच्या सीटवरून हॉर्नपर्यंत तिचा हात कसा पोचला हे मला आजही कळलेलं नाही. "सावकाश हळूहळू जावा," पोलीस मराठीत म्हणाला. त्याहून हळू जायचं म्हणजे गाडी ढकलत न्यावी लागली असती.

निपाणीत पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता, पण पाळणा थांबला होता. आत्या आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही म्हणून साईराज हट्टाला पेटला होता, आणि पाहुणे उपाशीपोटी भिंतीला टेकले होते. मी आक्काला दोन्ही हातांनी उतरवून घेतलं.

"आक्का, पाठीला काय झालं?"

"काय न्हाय रं. एक हिसका न्हाय बघ! फुलागत आणलास."

मी अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "एक हिसका नाही!" साईराजनं मला मिठी मारली. शनिवारी टायर घेऊ नये म्हणणारे स्वरूपाचे वडील स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन आले. इतका आनंद मला पहिला पगार झाला तेव्हाही झाला नव्हता.

आक्का पाळण्याशी गेली. बाळ अगदी एवढंसं, मुठी आवळून झोपलेलं. आक्कानं पदर सावरला आणि हळूच, अगदी बेतानं, बाळाच्या कानाशी वाकली. तिच्या मागं बायका अर्धगोल करून उभ्या राहिल्या. स्वरूपाची मोठी मावशी नागुबाई, उभी हयात तंबाखूच्या वखारीत काढलेली, सगळ्यांत पुढं होती. तिनं हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि मूठ वळली.

आणि मला एकदम आठवलं. आत्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि त्याच वेळी बायका तिच्या पाठीत दणादण धपाटे घालतात. ही रीत मी जन्मापासून बघत आलो होतो. दर बारशाला बघितली होती आणि दर बारशाला हसलो होतो! डॉक्टर, मी, साईराज, रूपाली, गल्लीतले सगळे सल्लागार, एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी रस्त्यावरचा एकेक खड्डा चुकवत आक्काची पाठ आणली होती, ती थेट नागुबाईच्या मुठीखाली.

"थांबा!" मी ओरडलो. पण "कुर्र" सुरू झालं होतं आणि त्या गलक्यात माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? मी पाहुण्यांच्या मधून, तांदळाच्या परातीवरून झेप घेतली. दोन्ही हातांनी पाळण्याची कड धरली आणि आक्काच्या पाठीवर, तिला अंगाचा भार लागू न देता, छपरासारखा ओणवा झालो.

नागुबाईचा पहिला धपाटा बसला तेव्हा मला डोळ्यांसमोर चांदण्या दिसल्या. मग सगळ्याच बायका सुटल्या. उपाशी ठेवल्याचा राग त्यात होताच.

"आगं बया, आत्या लई जाड झालीया!" कुणीतरी म्हणालं.

"आत्या न्हवं, काका हाय त्यो!"

"काका तर काका. हाणा की!"

काकाला हाणू नये असं कुठल्याच शास्त्रात लिहिलेलं नाही, त्यामुळं त्या थांबल्या नाहीत. माझी हाडं वाजत होती, शर्टाची शिवण उसवली होती, आणि मला हसू आवरत नव्हतं. माझ्या खाली आक्काच्या पाठीला वारासुद्धा लागत नव्हता. तिचं तोंड बाळाच्या कानाशी होतं आणि माझा कान तिच्या तोंडाशी. तिनं मान वळवून वर कोण आलंय ते एकदा बघितलं, मग पुन्हा खाली वाकली.

"अंजनी," ती म्हणाली. "अंजनी. अंजनी." मग बाळाच्या कानाला ओठ टेकवून अजून हळू म्हणाली, "आणि वर वाकलेला ह्यो गाढव तुझा थोरला काका. ह्याला जप."

हे शेवटचं वाक्य मी आणि अंजनी सोडून कुणी ऐकलं नाही.